फिट थांबली, तरी विसरणं का थांबत नाही? फिट येणाऱ्या उंदरांकडून मिळालेलं अर्धं उत्तर

नागपूरच्या नंदनवन भागात आमच्या घरासमोर एक वहिनी राहतात. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. नववीत असताना त्याला पहिल्यांदा फिट आली, तेव्हा कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. (यातलं काहीही करू नये. कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावं, घड्याळ बघावं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना गाठावा.) पुढे रीतसर ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) झाला, गोळ्या सुरू झाल्या. आता दीड वर्षात एकही फिट नाही.

परवा वहिनी फाटकाशी थांबल्या. "ताई, गोळी एक दिवस चुकू देत नाही मी त्याची. फिट बंद आहे. मंग हा इसरते काहून? सक्करदऱ्यातून मेथी अन् दही आण म्हटलं, तं मेथी घेऊन आला अन् दह्याचा पत्ताच नाही. अन् बोललं का अंगावर येते. पहिले असा नव्हता हो थो."

त्यांच्या घरात याची दोन उत्तरं तयार आहेत. बाबांच्या मते मोबाइल, आजीच्या मते गोळ्या. मी फार्माकॉलॉजी शिकवते, आणि एम.फार्म.ची दोन वर्षं मी फिट येणाऱ्या उंदरांच्या सहवासात काढली आहेत. त्यामुळे माझं उत्तर तिसरंच होतं: विसरणं आणि चिडणं हेही बहुतेक त्याच आजाराचं, म्हणजे मिरगीचं, अंग आहे, फिट हे त्याचं डोळ्यांना दिसणारं अंग. हे बोलायला सोपं आहे. पण ते कशावरून म्हणायचं, हे सांगायचं तर उंदरांपासूनच सुरुवात करावी लागते.

माणसात हा गुंता सुटतच नाही. संक्रांतीनंतर विजेच्या तारांवर लोंबकळणारा मांजा पाहिलाय ना, तसा. मुळात मेंदूला झालेली इजा वेगळी, त्यातून येणाऱ्या फिट वेगळ्या, दोन फिटांच्या मधल्या काळात मेंदूत चाललेली विजेची खुडबुड वेगळी, गोळ्यांचा परिणाम वेगळा. शिवाय लोकांचं वागणं आहेच: वर्गातलं हसणं, 'याला एकट्याला पाठवू नका' ही धास्ती, लग्नाच्या वेळची लपवाछपवी. यातल्या कोणत्या धाग्याने स्मरणशक्ती ओढली गेली, हे एका मुलाकडे बघून कोण सांगणार? उंदरात एकेक धागा सुटा करून ओढता येतो. आणि उंदराला आपल्याला मिरगी आहे हे ठाऊक नसतं. त्याला बारावीचा पेपर नसतो, मोबाइल नसतो, आजी नसते. तरीही तो विसरत असेल, तर दोष त्याच्या आळसाला देता येत नाही.

मेंदूत आठवण कुठे बांधली जाते हे वैद्यकाला कळलं, तेसुद्धा एका मिरगीच्या रुग्णामुळेच. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड इथे हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या फिट इतक्या वाढल्या होत्या की नोकरी करणं अशक्य झालं होतं. विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग काढला, त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्साही गेला. फिट बऱ्याच कमी झाल्या. पण त्या दिवसापासून त्याच्या लक्षात नवं काही राहीना. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ त्याला अनेक वर्षं भेटत राहिल्या, आणि दर भेटीत त्याच्यासाठी त्या नव्याच असत. लहानपणचं मात्र त्याला आठवे. स्कोव्हिल आणि मिलनर यांनी १९५७ साली हे सगळं लिहून काढलं. २००८ साली मोलेसन वारला, तोवर जग त्याला फक्त 'एच. एम.' म्हणून ओळखत होतं.

हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीक भाषेत समुद्रघोडा. मेंदू कापून बघितला तर तो भाग तसाच वळलेला दिसतो म्हणून हे नाव. वहिनींच्या मुलाला आहे तशी मिरगी, म्हणजे कानशिलाच्या भागातून सुटणारी, मोठ्या वयात फार दिसते, आणि तिच्यात बरेचदा हाच समुद्रघोडा आक्रसलेला, पेशी गळालेला आढळतो. विल्हेल्म सोमर या जर्मन डॉक्टरने १८८० सालीच ही गळती नोंदवून ठेवली होती. म्हणजे फिट जिथून सुटतात आणि आठवण जिथे बांधली जाते ती जागा बऱ्याच जणांत एकच असते. घरी ज्या खोलीत देवघर, त्याच खोलीत शॉर्टसर्किट.

आता उंदराला मिरगी कशी होते? बहुतेक उंदरांना आपोआप होत नाही, करावी लागते. याच जागी पुष्कळ वाचक माझ्यावर रागावतील, आणि तो राग मला समजतो. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे, त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असते. किती उंदीर, कशासाठी, कमीत कमी किती भागतील, वेदना कशी टाळणार, याचा हिशोब तिच्यापुढे मांडल्याशिवाय एकही उंदीर हाती येत नाही. तरी मनाला लागायचं ते लागतंच.

उंदराला मिरगी आणायला दोन औषधं जास्त वापरात आहेत. एक कायनिक आम्ल. ते एका लाल समुद्री शेवाळातून मिळतं, जपानात जंतांवर द्यायचे. दुसरं पायलोकार्पिन, दक्षिण अमेरिकेतल्या जाबोरांडी झाडाच्या पानांतलं. काचबिंदूच्या डोळ्यांच्या थेंबांतही ते असतं. ठरलेल्या मात्रेत यातलं एखादं टोचलं की उंदराला लागोपाठ, न थांबणाऱ्या फिट येतात. तास-दोन तासांनी डायझेपाम देऊन त्या थांबवतात. मग शांतता. उंदीर खातो, पितो, झोपतो, जणू काही झालंच नाही. हा मूक काळ काही दिवस ते काही आठवडे चालतो, आणि मग एका सकाळी पिंजऱ्यात, कुणी काहीही न करता, पहिली आपोआप फिट येते. त्यानंतर त्या येतच राहतात. लहानपणी तापात लांबलेली फिट, मग मधली निवांत वर्षं, आणि तारुण्यात सुरू झालेली मिरगी, ही कहाणी कितीतरी घरांत ऐकायला मिळते. उंदरात तीच काही आठवड्यांत आटोपते.

फिट किती जोराची, हे मोजायला १९७२ साली रॉन रासिन यांनी पाच पायऱ्या ठरवून दिल्या. त्या आजही चालतात. पहिलीत तोंड चघळल्यासारखं हलतं, दुसरीत मान डोलते, तिसरीत पुढचा पाय थरथरतो, चौथीत उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो, पाचवीत तोल जाऊन कोसळतो. माझ्या त्या काळच्या वहीत पानोपानी नुसते एक ते पाच आकडे आहेत. आज ती वही उघडली की लॉटरीचे निकाल लिहिलेत असं वाटतं.

आता स्मरणशक्तीची परीक्षा. उंदराला प्रश्न विचारता येत नाही, मग त्याला पोहायला सोडायचं. ही युक्ती ब्रिटनमधल्या रिचर्ड मॉरिस यांची, १९८१ ची. पाच-सहा फूट रुंदीचा गोल हौद, त्यात दुधाळ केलेलं पाणी, आणि एका जागी पाण्याखाली बोटभर खोल बुडवलेला छोटासा ओटा. उंदराला तो दिसत नाही. उंदीर पट्टीचा पोहणारा असतो, पण पाण्यात राहायला त्याला आवडत नाही, म्हणून तो सुटका शोधतो. हौदाभोवती भिंतींवर खुणा असतात. दार, दिवा, एखादा मोठा काळा त्रिकोण. त्यांच्या आधाराने ओटा कुठे आहे ते त्याला लक्षात ठेवावं लागतं. अंबाझरीच्या गढूळ पाण्यात पायाखाली एकदा दगड लागला, तर पुढच्या वेळी काठावरचं झाड आणि देवळाचा कळस बघून आपण तोच दगड शोधू. तसंच हे.

एका मे महिन्यात आमचा हा सगळा प्रयोग फसत होता. निरोगी उंदीरसुद्धा ओटा शोधायचं नाव घेत नव्हते, आरामात तरंगत होते. मार्गदर्शक सर आले, हौदात हात घातला आणि हसले. बाहेर पंचेचाळीस, हौदात तेहतीस. नागपूरच्या उन्हात उंदराला फुकटात कोमट आंघोळ मिळत होती, तो बाहेर का येईल? पाणी साधारण पंचवीस अंशांच्या आसपास लागतं. मग महिनाभर रोज सकाळी सायकलवरून बारदान्यात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची, आम्ही ती फोडून हौदात टाकायचो आणि थर्मामीटर धरून बसायचो. बर्फ पूर्ण विरघळायची वाट पाहायची, नाहीतर उंदीर बर्फाच्या खड्यावरच चढून बसायचा. (एक बसला होता. त्या दिवसाची नोंद बाद.)

पाणी गार झालं आणि फरक उघड्या डोळ्यांनी दिसायला लागला. निरोगी उंदीर पहिल्या दिवशी मिनिटभर भरकटतो, पण पाचव्या दिवशी सोडल्यासोबत वळून जवळजवळ सरळ रेषेत ओट्याकडे जातो. मग ओटाच काढून घेतला, तर तो त्याच जागी घिरट्या घालतो, 'इथेच तर होता' असं म्हणत असल्यासारखा. मिरगीचा उंदीर पाचव्या दिवशीही हौदाच्या भिंतीला घासून गोल गोल फिरत राहतो. ओटा काढला काय आणि ठेवला काय, त्याला सगळा हौद सारखाच. त्याला दिसत नसेल किंवा पोहताच येत नसेल, ही शंकाही फेडावी लागते. त्यासाठी ओटा पाण्याच्या वर काढून त्यावर झेंडी लावतात. झेंडी दिसली की बहुतेक मिरगीचे उंदीरही नीट पोहोचतात. म्हणजे डोळे ठीक, पाय ठीक. अडतं ते जागा आठवण्यापाशी.

हे असं का होतं, त्याचा एक सुरेख धागा सापडला आहे. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी मिळाल्या ज्या ठराविक जागी आल्यावरच पेटतात. २०१४ चं नोबेल त्यांना आणि मोझर दांपत्याला या कामासाठी मिळालं. समजा तुम्ही सीताबर्डीत फिरताय. एक पेशी व्हरायटी चौकात पेटते, दुसरी झाशी राणी चौकात, तिसरी पंचशील चौकात. अशा शेकडो पेशी मिळून डोक्यातला नकाशा होतो. मिरगीच्या उंदरांत हा नकाशा पुसट होतो. २००३ साली पायलोकार्पिनच्या उंदरांवर हे मोजलं गेलं: पेशींची जागा पसरट झालेली, शिवाय आज एक तर उद्या दुसरी, आणि त्याच उंदरांचे हौदातले निकालही वाईट. व्हरायटी चौकातली पेशी उद्या लोकमत चौकात पेटली, तर माणूस घरी कसा पोहोचेल? २०२० साली दुसऱ्या एका गटाने छोट्या जातीच्या उंदरांच्या डोक्यावर चिमुकले सूक्ष्मदर्शक बसवून हाच नकाशा आठवडेच्या आठवडे पाहिला. तो लगेच विस्कटत नव्हता. टोचून आणलेल्या पहिल्या मोठ्या फिटनंतर साधारण सहा आठवड्यांनी त्याची स्थिरता गेली. त्याआधीच, तिसऱ्या आठवड्यात, इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींचा ताल बिघडलेला होता.

इथे मूळ प्रश्न येतो. विसरणं हा फिटांचा परिणाम आहे का? २००९ साली फ्रान्समधल्या एका गटाने उंदरांची स्मरणशक्ती त्या मूक काळातच तपासली, पहिली आपोआप फिट यायच्या आधी. ती तेव्हाच बिघडलेली होती. हिप्पोकॅम्पसमधली थीटा लयही मंदावली होती. थीटा म्हणजे उंदीर फिरताना, शोध घेताना तिथे उठणाऱ्या संथ लाटा. मला स्वतःला या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल वाटतो. आपोआप येणारी फिट अजून आलीच नाही आणि तरी विसरणं आलं, याचा अर्थ दोन्ही एकाच बिघडलेल्या जोडणीची फळं आहेत. मग एक फळ तोडलं म्हणून दुसरं आपोआप गळेल असं नाही. वहिनींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

आणखी एक गंमत. १९६७ साली कॅनडात ग्रॅहम गोडार्ड उंदरांच्या मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या भागाला, अमिग्डलाला, रोज अगदी हलका करंट देत होते. त्यांना शिकण्याचा अभ्यास करायचा होता. पहिले काही दिवस काहीच होत नसे. पण त्याच करंटने दोन आठवड्यांनी उंदरांना फिट यायला लागल्या, आणि करंट बंद करून महिने लोटले तरी मेंदू ती खोड विसरला नाही. याला किंडलिंग म्हणतात, म्हणजे चूल पेटवताना आधी काटक्या लावतो तसं. शिकण्याचा अभ्यास करायला बसलेल्या माणसाला फिट सापडली, हा योगायोग नव्हे. रोज थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, म्हणजे पाढे पाठ करायचीच पद्धत. ज्या यंत्रणेने पाढे पाठ होतात, तिच्याच जवळपासच्या यंत्रणेने मेंदू फिटही पाठ करतो.

आता फिटांच्या मधला काळ. ईईजीच्या कागदावर डॉक्टर ज्या टोकदार रेघा दाखवतात त्या फिट नसतात, क्षणभराच्या ठिणग्या असतात. रुग्णाला काही जाणवत नाही, बघणाऱ्याला काही दिसत नाही. मग त्यांनी काही बिघडतं का? २०१० साली उंदरांवर फार नेटका प्रयोग झाला. उंदराला आधी दोनपैकी एक दांडा दाखवायचा, थोडं थांबायचं, मग तोच दांडा त्याने दाबायचा. दाखवताना ठिणगी पडली तर फारसा फरक पडला नाही. पण आठवून दाबायच्या नेमक्या वेळी पडली, तर चूक वाढली. आठवण कपाटात नीट ठेवलेली असते, पण कडी काढताना लाइट जाते, असं काहीसं. २०१३ साली, शस्त्रक्रियेआधी तपासणीसाठी मेंदूत तारा बसवलेल्या माणसांतही आठवण धरून ठेवताना आणि काढताना ठिणगी पडली की चुका वाढतात हे दिसलं. उंदरात आधी, माणसात नंतर, आणि दोघांत जवळपास एकच गोष्ट. या क्षेत्रात इतकं सरळ जुळणं विरळा.

झोपेतही या ठिणग्या घोळ करतात. दिवसभरातलं शिकलेलं रात्री हिप्पोकॅम्पसकडून मेंदूच्या वरच्या थराकडे जातं, आणि दोघांच्या लहरी त्यासाठी तालात चालतात. २०१६ च्या एका अभ्यासात, किंडलिंग केलेल्या उंदरांत हिप्पोकॅम्पसमधली ठिणगी वरच्या थरात अवेळी लहर उठवताना आढळली, आणि ही खोटी जुळणी जितकी जास्त तितकी त्या उंदराची आठवण कच्ची. म्हणून जागरण करून अभ्यास करणाऱ्या मिरगीच्या मुलांना रागावताना मी एरवीपेक्षा जास्त रागावते. जागरणाने फिट येते ते निराळंच.

वागणुकीकडे वळते. इथे पाय जरा जपून टाकावा लागतो, कारण उंदराच्या मनातलं आपण फक्त त्याच्या हालचालींवरून ताडतो. आमच्या प्राणिगृहात एक काका होते, वर्धा जिल्ह्यातले, पिंजरे धुण्यापासून खाणं घालण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "मॅडम, थो चार नंबरचा हातात घेऊ नका. गरीब होता बिचारा पहिले, आता हात लावला का उसळते." कोणत्या उंदराला औषध टोचलंय आणि कोणाला नुसतं सलाइन, हे त्यांना मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. त्यांनी हाताने ओळखलं होतं. पायलोकार्पिनच्या मिरगीत उंदीर स्पर्शाला असे दचकतात, उसळतात, चावतात, हे पुढे मला छापलेल्या लेखांत वाचायला मिळालं. काकांच्या ते आधीच अनुभवात होतं.

पण यंत्रावर मोजायला गेलं की निकाल फसवे होतात. अधिक चिन्हाच्या आकाराची एक उंच चौकट असते, तिच्या दोन फांद्यांना भिंती, दोन उघड्या. भित्रा उंदीर भिंतींच्या आत बसतो. काही प्रयोगांत मिरगीचे उंदीर उघड्या फांद्यांवरच जास्त वेळ फिरताना दिसले. मग ते काय शूर झाले? मला तरी तसं वाटत नाही. ते अतिचंचल झालेले असतात, किंवा उंचीचा धोकाच त्यांच्या ध्यानात येत नसावा. दुसरी चाचणी पाण्यात तरंगण्याची. उंदीर धडपड सोडून नुसता तरंगत राहिला तर त्याला 'निराश' म्हणायचं, अशी रीत १९७७ पासून आहे. बाहेर पडता येत नाही हे ओळखून दम राखून ठेवणारा उंदीर निराश की शहाणा, यावर जाणकारांत आजही वाद आहे, आणि माझा कल 'शहाणा' म्हणणाऱ्यांकडे आहे. त्यापेक्षा साखरेच्या पाण्याची चाचणी मला बरी वाटते. एका बाटलीत साधं पाणी, एकीत गोड. निरोगी उंदीर गोडाकडेच जाणार. ज्याला गोडातही रस उरला नाही, त्याचं काहीतरी बिनसलंय हे कुठल्याही आईला पटेल.

गोडातला हा रस कमी झालेले उंदीर एका जन्मजात मिरगीच्या जातीत सापडतात. नेदरलँड्समध्ये जोपासलेली ही डब्ल्यूएजी-रिज जात. त्यांना पडून झटके येत नाहीत, काही सेकंद ते नुसते थिजतात. वर्गात टक लावून बसणाऱ्या आणि 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून धपाटे खाणाऱ्या मुलांसारखे. या उंदरांना फिट सुरू व्हायच्या वयाआधीपासून एथोसक्सिमाइड हे फिटवरचं औषध दिलं, तर फिटही कमी होतात आणि ती उदासीही. प्रौढ झाल्यावर औषध थांबवलं तरी काही फायदा टिकतो. माणसांत हे इतकं सोपं नाही. २०१० साली अमेरिकेत अशा मुलांवर तीन औषधांची मोठी तुलना झाली. त्यात एथोसक्सिमाइडच्या मुलांचं लक्ष व्हॅल्प्रोएटच्या मुलांपेक्षा बरं राहिलं, म्हणजे औषधांनी फरक पडतो हे खरं. पण त्यांतल्या सुमारे ३५ टक्के मुलांचं लक्ष औषध सुरू व्हायच्या आधीपासूनच कमी होतं, आणि फिट थांबल्यावरही ते पूर्ण सुधारलं नाही. आजी अर्धी बरोबर, अर्धी चूक.

गोळ्यांचा धागा उंदरांत असा सुटा करतात: चार गट. निरोगी आणि बिनऔषधाचे, निरोगी पण औषध दिलेले, मिरगीचे बिनऔषधाचे, मिरगीचे औषध दिलेले. दुसरा गट विसरायला लागला तर दोष गोळीचा. तिसरा विसरायला लागला तर आजाराचा. काही गोळ्या खरंच दोषी ठरतात. फिनोबार्बिटोनने नवजात उंदरांच्या मेंदूतल्या पेशी मरतात हे २००२ पासून माहीत आहे, आणि लेव्हेटिरासिटॅम घेणाऱ्या काही माणसांची चिडचिड वाढते हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. वहिनींना मी एवढंच म्हटलं, की चिडणं गोळी बदलल्यानंतर वाढलं का ते तारखेनिशी लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने मात्र बंद करू नका, कारण अचानक गोळी सोडली की न थांबणारी फिट येऊ शकते. माणसाला ती कुणी टोचावी लागत नाही.

जनुकाच्या बिघाडाने होणाऱ्या द्राव्हे आजारातही हेच सूत्र दिसतं. तान्ह्या वयात फिट, पुढे बुद्धीला आणि वागण्याला धक्का. तोच बिघाड असलेले उंदीर बनवले, तर ते अनोळखी उंदराजवळ जायचं टाळतात. आवर घालणाऱ्या पेशी त्यांच्यात दुबळ्या असतात. २०१२ साली त्यांना क्लोनाझेपाम, म्हणजे या आवराला बळ देणारं औषध, दिलं गेलं, तेही गुंगी येणार नाही इतक्या बेताने, आणि ते उंदीर दुसऱ्यांत मिसळू लागले, भीतीची आठवणही सुधारली. यावरून मुलांना क्लोनाझेपाम द्यायला धावू नये. पण 'वागणं बिघडलं ते आता कायमचंच' या समजुतीला त्या निकालाने तडा गेला, हे खरं.

उंदरांकडून न मिळणारी उत्तरंही बरीच आहेत. पायलोकार्पिनने मेंदूची जी नासधूस होते, ती बहुतेक रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त असते. जुने प्रयोग बहुतांशी तरण्या नर उंदरांवर झाले, मग पाळीनुसार फिट वाढणाऱ्या मुलीबद्दल त्यांतून काय कळणार? आपल्याकडे फिटचं एक मोठं कारण म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांतून मेंदूत होणाऱ्या गाठी, आणि नेहमीच्या या मॉडेलांत त्या नसतात. आणि उंदराला लाज नसते. हिंदू विवाह कायद्यातला अपस्माराचा, म्हणजे मिरगीचा, उल्लेख १९९९ साली काढून टाकला, तरी सोयरिकीच्या बैठकीत तो शब्द आजही ओठांवर येत नाही. त्या ओझ्याने किती विसरायला होतं, हे कुठल्या हौदात मोजणार?

एक निकाल मी वहिनींना आवर्जून सांगितला. लागोपाठ फिट येऊन गेलेल्या उंदरांना दोन प्रकारच्या पिंजऱ्यांत ठेवून पाहिलं गेलं. एक नेहमीचा, रिकामा. दुसरा मोठा, त्यात बोगदे, चाकं, रोज बदलणारी खेळणी आणि सोबती. दुसऱ्या पिंजऱ्यातले उंदीर हौदात जास्त चांगले निघाले. मुलाला घरात कोंडून ठेवल्याने तो सुरक्षित राहतो, पण त्याचा पिंजरा पहिल्या जातीचा होतो. वहिनींनी आता त्याला रोज संध्याकाळी बाजारात पाठवायचं ठरवलंय, सामान त्यानेच मोबाइलमध्ये लिहायचं, तिथे एकेक खोडायचं. बाबांचा मोबाइलवरचा राग त्यामुळे थोडा निवळलाय. शिवाय पुढच्या तारखेला स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करून मागायची, कारण 'फिट नाही ना? मग ठीक' यावर भेट संपते आणि बाकीचं कुणी विचारत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "अन् त्या चार नंबरचं काय झालं?"

प्रयोगाच्या शेवटी मेंदू तपासावा लागतो, हे मी सांगितलं. मग खणातून काचपट्टी काढली. त्याच्या मेंदूचा पातळ काप, जांभळ्या रंगात रंगवलेला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर निरोगी उंदरात जिथे पेशींची सलग दाट रेघ असते, तिथे याच्यात मधेच फिकट खिंडार आहे. नुसत्या डोळ्यांनी खिंडार दिसत नाही, तांदळाच्या दाण्याएवढी वळलेली जांभळी रेघ तेवढी दिसते.

वहिनींनी पट्टी खिडकीकडे धरली. बराच वेळ पाहिली.

"एवढुसं?" म्हणाल्या.